एक, तीन, चार, दोन

पिंपळगावच्या शेडमधून आणली तेव्हा
तिच्या बॉनेटवर द्राक्षांचे रिकामे क्रेट, सात थर,
आणि एअर फिल्टरमध्ये गांधीलमाश्यांचं घरटं.
फियाट अकराशे, अडुसष्टची.
माझ्याहून सहा वर्षांनी धाकटी.
फंडाच्या पैशातून घेतली म्हटल्यावर
भावाने चष्मा काढून पुसला फक्त.

अडतीस वर्षं मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नंबर तपासले.
एकानंतर दोन, दोनानंतर तीन.
एखादा आकडा रांग मोडून पुढे घुसला
की लाल पेन्सिल, अख्खा कागद बाद.
झोपेतही मोजायची म्हणतात. मोजत असेन.

वडाळा नाक्यावर शकूर मिस्त्रींनी
डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडली,
म्हणाले, बाई, हिची गिनती वेगळी.
एक, तीन, चार, दोन.
मी म्हटलं, चुकतंय काहीतरी.
ते म्हणाले, तुमच्यासारखी मोजेल तर
जागेवरून हलणार नाही.

कसाऱ्याच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्येही धापा टाकायची,
मागे ट्रकांचे भोंगे.
मला वाटलं, जोर म्हणजे काहीतरी मोठं बसवायचं.
त्यांचा अल्ताफ मोबाइलवर दाखवतच होता,
आंटी, हे इंजिनच फेकू, मारुतीचं टाकू, उडेल!
शकूरभाईंनी त्याला चहा आणायला पिटाळलं.

जोर आहे आत, ते म्हणाले.
गळतोय कुठून, ते बघू.

बघत बसलो दीड महिना.
दोन नंबरच्या व्हॉल्व्हची कड जळालेली.
नवे आले, ते मी घासले, मी स्वतः,
पेस्ट लावून, काठी दोन तळव्यांत धरून
ताक घुसळावं तशी इकडे तिकडे.
आधी खरखर. मग आवाज मऊ होत गेला,
आणि कडेला उमटली राखाडी, एकसारखी अंगठी.
वरून रॉकेल ओतून रात्रभर ठेवलं.
सकाळी खाली एक थेंब नाही.
शेजारच्या कुमुदताईंना बोलावून दाखवलं.
त्यांनी कोरडं फडकं पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
छान आहे म्हणाल्या.

हेड अंबडला गेलं, वीस थाऊ घासून आलं.
नव्या पेट्रोलने जुने रबरी पाइप चिकट करून टाकलेले, ते बदलले.
आणि मॅनिफोल्डच्या तोंडाशी
गॅस्केटची कड आत आलेली, नखाएवढी.
त्या नखाला पंचावन्न वर्षं
अडखळत आली हवा.
शकूरभाईंनी कानशीने तीन वेळा ओढलं,
फुंकर मारली.
बस्स?
बस्स.

पॉइंटमध्ये फिलर गेज सरकवताना म्हणाले,
पकडली पाहिजे, अडकली नाही पाहिजे.
माझा हात दोनदा चुकला.
तिसऱ्या वेळी पत्र्याने बोटाला हलकेच धरलं.

मग जिन्याच्या पायऱ्या मोजताना,
कुकरच्या शिट्ट्या मोजताना,
एक, तीन.
चार.
दोन सगळ्यांत शेवटी, पण येतो.

घाट उतरताना ते बोलले ते ब्रेकबद्दलच.
ताकद दिली बाई, आता थांबवायला शिका.
खाली कसाऱ्याला वडापाव खाल्ला, गाडी वळवली.
स्टिअरिंगजवळची दांडी ओढून तिसरा टाकला
आणि चढ सुरू झाला तरी तिसराच राहिला.
एक ट्रक मागे पडला. मग दुसरा, कांद्याचा,
त्याच्या क्लीनरने डोकं बाहेर काढून पाहिलं.
पायाखाली एकसंध गुणगुण,
कुठलाही आकडा सुटा ऐकू येईना.

तेवढ्यात मला ते कागद आठवले
लाल पेन्सिलीने बाद केलेले.
बादच होते ते.
तरी आठवले.

वर आलो तेव्हा पाण्याचा काटा मधोमध.
मला वाटलं, काहीतरी म्हणतील आता.
शकूरभाई डोळे मिटून कान देऊन बसलेले,
खिडकीवर बोटं ठोकत,
एक, तीन, चार,
आणि बोट हवेतच थांबलं.

दोन नंबर लाजतोय अजून, म्हणाले.
सोमवारी आणा.